हातानं लावलेली झाकणं

कॅन आपटायचं काम म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. एवढी शिकलेली माणसं पांढरे कोट घालून दिवसभर प्लास्टिकचे कॅन उंचावरून लोखंडी पाट्यावर पाडतात आणि फुटले का ते वाकून बघतात, असं सांगितलं तर कुणीही हसेल. पण ज्या कॅनमध्ये अंगावर उडालं तर कातडी जाईल असलं पाणी भरून ट्रकवर चढवायचं, तो कॅन ट्रकवरून निसटला तर काय होतं हे कुणीतरी आधी बघायला नको का? ते बघणारी ही प्रयोगशाळा. इथला पास झाल्याचा शिक्का मिळाल्याशिवाय तसला कॅन बाजारात जात नाही. आणि शिक्क्याच्या बाबतीत इथली माणसं सख्ख्या भावाचीही भीड ठेवत नाहीत.

या प्रयोगशाळेत वहिनी कामाला होत्या. कुणाच्या वहिनी, तर सगळ्यांच्या. त्यांचा नवरा इथला जुना माणूस, सगळ्यांनी भाऊ मानलेला. लग्नानंतर त्याही इथेच लागल्या आणि पहिल्याच दिवशी आख्ख्या प्रयोगशाळेच्या वहिनी झाल्या. साहेबसुद्धा, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, चारचौघांत त्यांना वहिनीच म्हणायचे.

नवऱ्याला मात्र त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. त्याला म्हणायचे पक्कड. त्याचं काम झाकणं लावायचं. यालाही कुणी हसेल, पण आपटण्याची अर्धी परीक्षा झाकणात असते बरं का. झाकण सैल राहिलं तर गळतं, जास्त आवळलं तर आटे चिरतात. म्हणून किती जोरानं आवळायचं तो आकडा कॅन बनवणारी कंपनीच लिहून देते, आणि काट्याच्या पान्यानं आवळत तो आकडा गाठायचा असतो. किती जोर लागला ते काटा सांगतो. पण पक्कडला काट्याची गरजच नव्हती. तो हातानं झाकण फिरवायचा, मनगटाला शेवटचा एक हिसका द्यायचा आणि म्हणायचा, बघा. पाना लावून बघावं तर काटा नेमका सांगितलेल्या आकड्यावर. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना हा खेळ हमखास दाखवायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि पक्कड लाजून कोटाच्या खिशात हात घालायचा.

यातूनच प्रयोगशाळेत एक पद्धत पडली. नियम म्हणतो, प्रत्येक झाकण पान्यानं. पक्कड करायचा काय, तर रांगेतलं पहिलं झाकण पान्यानं लावायचा, आकडा हातात भरून घ्यायचा आणि बाकीची सगळी हातानं. त्याला बोलणार कोण? वर्षानुवर्षं त्याचं एक झाकण चुकलं नव्हतं. माणूस गेला की गोडवे गाणारे खूप असतात, मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. पण या म्हशीचं दूध जिवंतपणीच सगळ्यांनी मोजून घेतलं होतं.

हो, पक्कड गेला. मानेच्या मणक्यात गाठ निघाली. एके दिवशी सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. वहिनींनी चेष्टा केली, लहान बाळ झालात का म्हणून, आणि हसत हसत बटणं लावून दिली. दुसऱ्या दिवशी कप हातातून सुटला. मग दवाखाने सुरू झाले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, याआधी काही जाणवलं नव्हतं का? हाताची ताकद कमी झाली, वस्तू निसटल्या, असं काही? दोघांनीही नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आला असतात तर गाठ सहज काढता आली असती. आता ती नको तिथे पसरली आहे. तरी त्यांनी ऑपरेशन केलं. त्यातून पक्कड उठलाच नाही.

सासूबाईंनी त्या दु:खात वहिनींना एकच गोष्ट ऐकवली होती, पण ती काळजात रुतून बसली होती. एका घरात राहून तुला दिसलं नाही? रात्रंदिवस सोबत, घरीही आणि कामावरही, आणि तुला दिसलं नाही?  पण मनाशी वहिनींनी एक धरून ठेवलं होतं. आजार अचानक आला. आधी काही नव्हतंच, तर दिसणार काय? जे नव्हतं ते दिसलं नाही यात कुणाचा दोष? या एका गोष्टीवर त्या सकाळी उठत होत्या, सासूबाईंना जेवायला वाढत होत्या आणि कामावर येत होत्या.

आता यातच ते निळे कॅन आले.

आले म्हणजे होतेच. नळ साफ करायच्या जहाल पाण्यासाठी एका कंपनीनं नवा कॅन काढला होता. असलं जहाल पाणी प्लास्टिकला हळूहळू खातं, म्हणून नियम असा की कॅन त्याच पाण्यानं भरायचे, झाकणं लावायची आणि सहा महिने कोठीत ठेवून द्यायचे. मधे झाकणाला कुणी बोटही लावायचं नाही. सहा महिन्यांनी तेच कॅन तसेच बाहेर काढून थंडगार करून आपटायचे. हे कॅन भरले तेव्हा, म्हणजे बटणांच्या त्या सकाळच्या तीनेक महिने आधी, पक्कड ठणठणीत होता, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. अर्धी रांग त्यानं बंद केली होती आणि अर्धी चष्मिसनं. चष्मिस म्हणजे तेव्हा नव्यानंच लागलेली मुलगी. नवी म्हणून ती घाबरून प्रत्येक झाकण पान्यानं लावायची, आणि पक्कड तिला चिडवायचा की तुझं होईपर्यंत मी चहा पिऊन, डुलकी काढून येतो.

सहा महिने भरले. आपटायच्या दिवशी कंपनीचा माणूस स्वत: आला होता. बिचारा कोपऱ्यात उभा राहून एकटक बघत होता. गारठवलेला कॅन वर चढवला, झाकणाची बाजू खाली केली आणि सोडला. कॅन फुटला नाही, कुठे चीर नाही, पण झाकणाच्या कडेनं पाणी झिरपलं. दुसरा टाकला, तो धड. तिसरा टाकला, तर पुन्हा झाकणातून धार. तीनपैकी दोन गळले म्हणजे विषय संपला, नापास.

कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. मग तो सावरला आणि म्हणाला, प्लास्टिकला तर काहीच झालेलं नाही, गळलंय ते झाकणातून. झाकण नीट लावलं नसेल. कुणी लावली होती ही झाकणं?

गळलेले दोन्ही कॅन पक्कडच्या रांगेतले होते. चष्मिसनं मान खाली घातली. साहेबांनी घसा खाकरला. कंपनीच्या माणसाला बिचाऱ्याला काय माहीत की ज्यांच्यासमोर आपण विचारतोय त्यांचाच तो नवरा. पण वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतके दिवस माणूस गेल्याचं दु:ख होतं, त्याला कुणी नावं ठेवणारं भेटलं नव्हतं. आता भेटलं.

“माझ्या नवऱ्यानं लावली होती,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी लावलेलं झाकण आजपर्यंत गळलेलं नाही. तुमचं झाकणच वाईट आहे.”

त्या माणसानं माफी मागितली, पण हेका सोडला नाही. त्याचंही पोट त्यावर होतं. तो म्हणाला, कोठीत याच रांगेतले आणखी कॅन आहेत, त्यांची झाकणं पाना लावून उघडून बघा. उघडायला किती जोर लागतो ते काटा सांगेल. घट्ट निघाली तर दोष आमचा, मी गुपचूप कॅन घेऊन जातो. साहेब टाळत होते. म्हणाले, कशाला, तुम्ही सरळ नवे कॅन आणा, आपण पहिल्यापासून सुरू करू, हे मिटवून टाकू. साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती का कोण जाणे. पण वहिनींना ते मिटवून टाकणं सहन होईना. मिटवायचं म्हणजे झाकायचं, आणि झाकायचं म्हणजे काहीतरी वाईट होतं असं मान्य करायचं.

“उद्या सगळ्यांसमोर उघडू,” त्या म्हणाल्या. “दुसरं कुणी नको. मीच उघडणार.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते असं. पण त्या वेळी कुणी त्यांना तसं म्हणालं असतं तर खैर नव्हती.

संध्याकाळी घरी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण राग पोटात मावेना. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ताठ झाल्या. म्हणाल्या, उघडच, सगळी उघड. माझ्या लेकाच्या हाताला नाव ठेवणारा हा कोण टिकोजीराव? लहानपणी विहिरीचा दोर एकट्यानं ओढायचा तो. त्या दोघी कितीतरी दिवसांनी एका बाजूच्या झाल्या होत्या. जेवतानाही त्याच्याच हाताच्या गोष्टी निघाल्या. कुणाची अडकलेली अंगठी त्यानं कशी काढली, बंद पडलेला नळ कसा फिरवला. सासूबाई हसल्यासुद्धा. झोपायला जाताना म्हणाल्या, काय होतं ते आल्या आल्या मला सांग.

सकाळी कोठी उघडली. कोठीची किल्ली वहिनींकडेच असे. रोज यायचं, दार उघडायचं, भिंतीवरचा गरमी-थंडीचा काटा बघायचा, रांगेवर नजर टाकायची आणि कुलूप लावायचं हे त्यांचंच काम. दवाखान्याची धावपळ चालू होती तेव्हाही त्यांनी ते चुकवलं नव्हतं. आधी इथे यायचं, कोठी बघायची, मग तिकडे पळायचं.

आधी चष्मिसचे कॅन घेतले. प्लास्टिक सहा महिन्यांत थोडं ढिलं पडतंच, म्हणून किती ढिलं पडलं ते आधी कळायला हवं. लावताना आकडा होता तीस. वहिनींनी रबरी हातमोजे चढवले, तोंडावर काच ओढली आणि पाना लावला. वीस. एकवीस. पुन्हा वीस. चष्मिस आकडे लिहून घेत होती. कंपनीच्या माणसानं मान हलवली. वीस-एकवीस म्हणजे चांगलं लावलेलं झाकण, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग पक्कडची रांग. पहिलं झाकण एकवीस. वहिनींनी कंपनीच्या माणसाकडे अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागेच सरकला. बघा म्हणावं. दुसरं अठरा. ठीक आहे, उन्नीस-बीस व्हायचंच. तिसरं पंधरा. वहिनी थांबल्या. पाना काढून त्याचा काटा तपासला, पुन्हा शून्यावर आणला. चौथं बारा.

 पहिलं झाकण त्यानं पान्यानं लावलं होतं, पुढची हातानं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि रांग लावली होती तशीच क्रमानं उभी होती. म्हणजे त्या दुपारी एकामागून एक झाकणं लावत तो पुढे पुढे गेला, आणि झाकणागणिक त्याच्या हातातून जोर ओसरत गेला.

कंपनीच्या माणसाच्याही आता लक्षात आलं असावं. त्याला वहिनींच्या नवऱ्याचा आजार काल संध्याकाळी कुणीतरी सांगितला होता. तो पुढे येऊन हळू आवाजात म्हणाला, “पुरे, ताई. मला कळलं.”

“मला कळायचंय अजून,” वहिनी म्हणाल्या.

पाचवं नऊ. सहावं सात. साहेब म्हणाले, वहिनी, द्या, मी करतो. त्यांनी ऐकलं नाही. चष्मिसच्या चष्म्याआडून पाणी वाहत होतं आणि तिला आकडे दिसेनात, तर वहिनींनी तिला दरडावलं की नीट लिही. शेवटच्या कॅनला पाना लावला. काटा जागचा हलण्याआधीच झाकण फिरलं. वहिनींनी पाना बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी झाकण काढून घेतलं. शाळेतल्या पोराच्या पाण्याच्या बाटलीचं याहून घट्ट असतं.

आणि त्याला हे कळलं नव्हतं. वहिनींना त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. सैल झाकण समजून उमजून पुढे सरकवणारा तो माणूस नव्हता, मान कापून दिली असती. हातातली ताकद जाऊ लागली की थोडासा जोरही पुष्कळ वाटतो. प्रत्येक झाकणाला त्यानं मनगटाचा तोच हिसका दिला असणार, तेवढाच घाम गाळला असणार, उलट जास्तच. आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं असणार की झालं, बसलं घट्ट. ज्या हातावर सगळ्यांचा विश्वास होता त्याच हातानं त्याला फसवलं.

हातमोज्यांना जहाल पाणी लागलेलं, त्यामुळे डोळे पुसायला हात वर नेता येत नव्हता. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, हाताची ताकद कमी झाल्याचं कधी जाणवलं का, आणि आपण नाही म्हणालो होतो. ते उत्तर तेव्हा इथे होतं. या कोठीत, या फळीवर, ओळीनं मांडून ठेवलेलं. गाठ सहज निघाली असती तेव्हाही इथेच होतं. त्या रोज सकाळी येऊन त्याच्यापुढे उभ्या राहत होत्या आणि झाकणाला बोट न लावता, नियमाप्रमाणे, कुलूप लावून जात होत्या. त्या दुपारी कुणी एका झाकणाला नुसता पाना लावून बघितला असता तरी तो आज जिवंत असता. हे दु:ख नवऱ्याच्या जाण्याच्या दु:खाहून वेगळं होतं, आणि त्यांना वाटलं की हे आपल्याच्यानं उचलवणार नाही.

साहेब खुर्चीवर बसले होते. ते कुणाकडे न बघता म्हणाले की त्याचं कधी चुकलंच नाही, म्हणून मी कधी तपासलंच नाही. पाहुण्यांपुढे मात्र कौतुकानं मिरवलं.  कंपनीच्या माणसाला खरं तर आनंद व्हायला हवा होता, त्याचा कॅन निर्दोष ठरला होता. पण तो आपली बॅग उचलून बराच वेळ दारात घुटमळत राहिला. वहिनींनीच त्याला सांगितलं की तुमचा कॅन चांगला आहे, झाकणही चांगलं आहे, नवे कॅन पाठवा. यापुढे पहिलं झाकण आणि शेवटचं झाकण असा भेद इथे राहणार नाही. सगळी पान्यानं. मग त्यांनी हातमोजे धुतले, काढले आणि पक्कडनं गेल्या वर्षभरात बंद केलेलं काय काय कोठीत उभं आहे ते चष्मिसला दाखवून दिलं, कारण तेही आता उघडावं लागणार होतं.

त्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. बस समोरून गेली तरी हात केला नाही. वाटेत त्यांनी ठरवलं की सासूबाईंना सांगायचं नाही. म्हातारीला कालच जरा हसू आलं होतं. सांगायचं, सगळी घट्ट निघाली, त्या माणसाची बोलती बंद झाली. कुणाचं काय जातंय? वाक्यंसुद्धा त्यांनी मनात जुळवली. चौकातल्या फळवाल्याकडे थांबून ती पुन्हा एकदा म्हणून बघितली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या असतील देव जाणे. चप्पलही काढू दिली नाही, विचारलं, काय निघालं?

वहिनींनी तोंड उघडलं, आणि जुळवलेलं वाक्य बाहेर येईना. ज्या बाईनं सकाळी रडणाऱ्या पोरीला नीट लिही म्हणून दरडावलं, तिच्या तोंडून ते यायचं तरी कसं? त्यांनी सासूबाईंना धरून आत नेलं, कॉटवर बसवलं, स्वत: खाली जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पहिलं झाकण कसं घट्ट होतं, मग कसकशी सैल होत गेली, शेवटचं दोन बोटांत कसं निघालं.  सासूबाई मांडीवरच्या पदराची कड बोटांनी चाचपत राहिल्या.

“त्याला तरी कळलं होतं का ग?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाही आई. त्यांना वाटलं, घट्ट बसलं.”

 स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, त्याच्याकडे कुणी उठून गेलं नाही. मग सासूबाईंनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हटलं,

“म्हणजे तेव्हा वेळ होती.”

“होती,” वहिनी म्हणाल्या.